चाळीस मीटर पूर्वेला

प्रिय एर्रय्या बाबाय,

मंगळवारपासून तुला अकरा वेळा फोन लावला. नऊ वेळा नुसताच वाजला. दोनदा तुझ्या लेकीनं, वरालूनं उचलला आणि दोन्ही वेळा म्हणाली, "नान्ना किनाऱ्यावर गेलेत, अक्का." तिच्या मागे तुझा खोकला ऐकू येत होता. तो मी ओळखणार नाही असं वाटलं का तुला? लहानपणी गल्लीच्या तोंडाशी तो खोकला ऐकला की काका आला म्हणून मी पाटी टाकून धावायचे. म्हणून आता पत्र लिहिते आहे. आपल्या वस्तीतली गुरम्मा उद्या सकाळच्या बसनं कलिंगपट्टणमला लेकीकडे निघाली आहे, तिच्या हाती देते. तू वाचून संपवेपर्यंत समोरून उठू नकोस, असं तिला बजावलं आहे. ती उठणार नाही. तिला बसायला निमित्तच हवं असतं.

पेपरात आलं ते तू वाचलं असशील. नव्या धक्क्याच्या जागी बुडालेली लाँच सापडली, आत माणसाचा सांगाडा, एवढंच छापलंय. नाव अजून बाहेर दिलेलं नाही. पण तू फोन उचलत नाहीस, म्हणजे तुला नावाची गरज पडली नाही. चार दिवस झाले. मी जेवते, ऑफिसला जाते, नकाशे उघडते, आणि कुणी काही विचारलं की त्याचं बोलणं संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. काल बसमधून उतरून मी उलट्या दिशेनं चालत जुन्या शाळेपर्यंत गेले होते. म्हणून झालं तसं सांगते. लिहिता लिहिता मलाही कदाचित ते खरं वाटायला लागेल.

मागच्या वर्षी उगादीला तू सुट्टीवर आला होतास तेव्हा मी सांगितलं होतं, की बंदरात मोठ्या प्रवासी जहाजांसाठी नवं टर्मिनल व्हायचंय आणि समुद्राच्या तळाची मोजणी आमच्या कंपनीकडे आली आहे. तू वस्तीभर सांगत फिरलास. आमची नूकालू पाण्याच्या पोटात काय आहे ते मशीन लावून बघते, ती हो म्हणेल तिथंच जहाज लागणार. अम्मा तुला म्हणाली, "पुरे रे एर्रय्या, पोरीला दृष्ट लावशील." मग तू मला बाजूला घेऊन एकच विचारलंस, धक्का नक्की कुठं येणार. मी म्हटलं, अजून ठरायचंय, बहुतेक जुन्या कोळशाच्या धक्क्याला लागून. "मग बरं," म्हणालास आणि चहा मागितलास. त्या 'मग बरं'चा अर्थ मला या गुरुवारी लागला.

तेव्हा खरंच तिथंच यायचं होतं सगळं. तीनशे मीटरचा धक्का, मागे दोन हजार माणसं एकाच वेळी उतरतील असा हॉल, पासपोर्ट तपासायच्या खिडक्या, बसगाड्यांची जागा. मी रंगीत नकाशा करून भिंतीवर लावला होता. मग जनसुनावणी झाली. आपल्या वस्तीतून दीडशे बायका आल्या, अम्मा सगळ्यांच्या पुढे. माशाची रिकामी टोपली घेऊनच आली होती. उभी राहिली आणि बंदराच्या साहेबांना म्हणाली, "जहाजातली माणसं मासे खाणार का, की जेवण त्यांचं त्यांच्याबरोबर येतं?" सगळा हॉल हसला, साहेबही हसले. ती हसली नाही. "हसा खुशाल. आमच्या होड्या जातात नेमक्या तिथं तुम्ही भिंत घालताय. माझ्या भावाची पोरं उद्या कुठनं जायची? तुमच्या जहाजाच्या खालनं?" मी त्या आठवड्यात नकाशा पुन्हा काढला. धक्का चाळीस मीटर पूर्वेला, दगडी बांधाकडे सरकवला, होड्यांची वाट मोकळी राहिली. साहेबांना पटलं. अम्मानं बाजारात सांगितलं, माझ्या पोरीनं जहाज सरकवलं. बाबाय, मी ते सरकवलं नसतं तर लाँच आणखी शंभर वर्षं तिथंच राहिली असती.

तो कोपरा कधी कुणी नीट मोजला नव्हता. पूर्वी बंदरातला गाळ काढून तिथंच टाकायचे, त्यामुळे होड्याही जात नाहीत. एप्रिलमध्ये आम्ही मशीन लावून फिरलो तेव्हा पडद्यावर गाळाखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी दिसलं. मोजलं तर तीस फूट. मी अहवालात लिहिलं, 'जुनी लाकडी होडी, निरुपयोगी, पंजाच्या क्रेननं तोडून काढावी.' खाली माझी सही आहे. ते वाक्य मी चहा पिता पिता लिहिलं होतं. आता दिवसातून दहा वेळा ते कागदावर दिसतं. निरुपयोगी. तोडून काढावी.

वरचा गाळ उपसून झाला आणि क्रेन बुधवारी यायची होती. त्याआधी खाली साखळदंड वगैरे अडकलेला नाही ना, हे पाणबुड्यानं बघायचं, असा नियम आहे. मंगळवारी सकाळी आपल्याच वस्तीतला पैडिराजू उतरला. वीस मिनिटांनी वर आला, तोंडावरची काच काढली आणि बराच वेळ नुसता शिडीला धरून राहिला. मला वाटलं त्याला दम लागला. मग म्हणाला, "मॅडम, क्रेन नको. इंजिनाच्या खोलीत माणूस आहे." आमचे सौंदरराजन सर खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. पैडिराजूनं जाळीच्या पिशवीत एक वस्तू आणली होती, ओळख पटायला उपयोग होईल म्हणून. स्टीलचा तीन पुडांचा डबा, गाळानं काळा पडलेला. मी सहज अंगठ्यानं झाकण पुसलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली. लोवम्मा, अप्पन्ना, आणि खाली त्यांच्या लग्नाचं साल. त्याच हातानं कोरलेली पातेली आमच्या फळीवर अजून आहेत, त्यांतल्या एकात मी सकाळी भात केला होता. मी म्हटलं, "हा माझ्या नान्नांचा डबा आहे." कुणीतरी दुसरीच बाई बोलल्यासारखा माझा आवाज मला ऐकू आला. पैडिराजू माझ्याकडे बघतच राहिला. "असं कसं, मॅडम? तुमचे नान्ना तर अंदमानात ना?"

वस्तीतलं शेंबडं पोरही हेच म्हणालं असतं. पंचवीस वर्षं सगळ्यांना हेच माहीत आहे. मी सात वर्षांची होते. कोंडाबाबूची लाँच, सुकाणूवर नान्ना, इंजिनावर तू. बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना भाजीपाला न्यायचा, खलाशी आणायचे. त्या दुपारी वादळी सर आली, अर्धा तास समोरचं दिसत नव्हतं, आणि संध्याकाळी लाँचही नव्हती, नान्नाही नव्हते. तुला ताप होता म्हणून तू त्या दिवशी गेला नव्हतास, असं आम्हाला सांगण्यात आलं. कोंडाबाबूनं पोलिसांना सांगितलं की अप्पन्नानं लाँच पळवली. अम्मा चौकीच्या पायरीवर बसून म्हणत राहिली की तो असा नाही. आणि मग पंधरा दिवसांनी पोर्ट ब्लेअरचा शिक्का असलेलं कार्ड आलं. मी सुखरूप आहे. मला शोधू नका. इथं मी दुसरं घर केलं आहे. नूकालूला शाळेतून काढू नका. अम्माला वाचता येत नाही, तेव्हा मीच ते अक्षर लावून लावून मोठ्यानं वाचलं. ती मासे कापत होती. तिचा हात थांबला नाही. दुसरं घर म्हणजे काय, ते मी तिलाच विचारलं. नान्नांना वाचता यायचं, पण लिहिता यायचं ते सहीपुरतंच, म्हणून कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार, असं आम्ही धरून चाललो. पुढच्याच महिन्यात तुला अंदमानच्या प्रवासी बोटीवर नोकरी लागली, आणि पहिल्याच फेरीहून येऊन तू अम्माला म्हणालास, "वदिना, भेटला मला तो. बरा आहे."

त्यानंतर ती ना विधवा, ना सवाष्ण. पायात जोडवी तशीच. अंदमानची बोट भोंगा देत आली की नळावरच्या बायका म्हणायच्या, "लोवम्मा, केस विंचर, नवरा आलाय बघ." ती घागर भरून निघून यायची आणि घरात आल्यावर पाण्याला हात न लावता बसून राहायची. सगळ्या फोटोंतून तिनं त्यांना कात्रीनं काढून टाकलं. माझ्या बारशाच्या फोटोत मी एका हातावर आहे, हात कुणाचा ते दिसत नाही. मीही त्यांचा द्वेष करायला शिकले, आणि खोटं कशाला बोलू, मन लावून शिकले. पण दर संक्रांतीला कार्ड यायचं त्याची वाटही बघायचे. दात पडला का. गणितात किती मिळाले. रात्री खोकला येतो का अजून. इतक्या लांबून त्यांना माझ्या खोकल्याचं कसं कळतं, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "मी सांगतो ना, तल्ली."

बारा वर्षांची झाले तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. ते तुझ्याकडेच दिलं, कारण टपालावर माझा भरवसा नव्हता. त्यात लिहिलं होतं की तुम्ही आम्हाला मेलात, आम्ही तुमचे दिवस घातले, आता कार्ड पाठवू नका, तुमच्या त्या पोरांना दात पडतात का ते बघा. पाकीट चिकटवलंही नव्हतं. वीस दिवसांनी तू परत आलास. आम्ही दोघं दारातल्या ओट्यावर बसलो होतो, तू मला उकडलेल्या शेंगा सोलून देत होतास. मी विचारलं, "दिलंस?" "दिलं." "काय म्हणाले?" तू शेंगा सोलायचा थांबलास. "काही नाही. वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. केस पिकलेत त्याचे." त्यानंतर कार्ड आलं नाही. मी जिंकले असं वाटलं, आणि त्याच आठवड्यात तापानं पडले. बाबाय, ते पत्र तू कुठं ठेवलंस? ते वाचलंस का? ज्याला मी मेलात म्हणून लिहिलं तो खरंच मेलेला होता, आपल्या ओट्यापासून चालत पंधरा मिनिटांवर पाण्याखाली होता, आणि तू माझ्यासमोर बसून त्याचे केस पिकवत होतास. हे मी किती वेळा मनात म्हणून बघितलं. अजून पूर्ण वाक्य एका दमात म्हणता येत नाही.

गुरुवारी मी कोंडाबाबूकडे गेले. अर्धं अंग गेलंय त्याचं, मुलाच्या घरी मागच्या खोलीत पडून असतो, पण बोलणं स्पष्ट आहे. मी डब्याचा फोटो समोर धरला. त्यानं डोळे मिटले आणि मग एकदाही न थांबता सांगितलं. खालची फळी कुजली होती. तू त्याला आठवडाभर सांगत होतास. त्या दुपारी तू म्हणालास, ही दुरुस्त केल्याशिवाय मी चढणार नाही, आणि उतरलास. नान्नांनाही उतर म्हणालास. कोंडाबाबू म्हणाला, एकच खेप, जहाज संध्याकाळी सुटतंय. नान्ना हसून तुला म्हणाले, "तू बस. इंजिनही मीच बघतो," आणि एकटे गेले. तुम्ही दोघं धक्क्यावर उभे होतात. सर आली, सर ओसरली, आणि बांधाजवळ लाँच नव्हती. पाणी उपसायला ते खाली उतरले असणार आणि वरचं झाकण पडलं असणार, असं पोलीसही म्हणतात. कोंडाबाबूनं तुला तिथंच सांगितलं की लाँचचा परवाना संपलाय, तू कामावरून उतरलायस, दोघंही आत जाऊ, तुझी बायको पोटुशी आहे. नोकरीही त्यानंच लावली. पहिलं कार्डही त्यानंच, बोटीवरच्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती देऊन तिथून टाकायला लावलं, मजकूर त्याचा, अक्षर तुझं. आपल्या वस्तीत तेव्हा नीट लिहिता येणारा तू एकटाच होतास, आणि आमच्या ते डोक्यातही आलं नाही. मी विचारलं, "आणि बाकीची?" तो म्हणाला, "मी एकच लिहायला लावलं, पोरी. बाकीची त्यानं त्याच्या मनानं लिहिली. मी त्याला म्हटलं होतं, आता पुरे. तर म्हणाला, पोरगी वाट बघते."

त्या पाच कार्डांचं काय करू ते मला कळत नाही. एक खोटं होतं. बाकीच्या चारांत जी काळजी होती ती कुणाची होती ते आता मला माहीत आहे, आणि तीही खोटी होती असं म्हणायला जीभ वळत नाही. पण तू एकदा खरं सांगितलं असतंस तर मी त्या माणसाचा द्वेष करत मोठी झाले नसते. आणि अम्मा मान खाली घालून पाणी भरायला गेली नसती. इतकी वर्षं तू समोर बसून आमच्या घरात जेवलास, बाबाय. घास कसा उतरला?

काम पंधरा दिवस थांबवलंय. हाडं तपासायला गेली आहेत, माझं रक्त घेतलंय, कळायला महिना लागेल. सौंदरराजन सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, धक्का परत पश्चिमेला घ्यायचा का, तू म्हणशील तसं करू. मी नकाशा बघितला. म्हटलं, नको सर, तिथून होड्या जातात. तो आहे तिथंच राहू दे. माणसं उतरतील तिथं, बॅगा घेऊन, फोटो काढत. उतरू देत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. अम्माला मी मंगळवारीच सांगितलं होतं. गुरुवारी कोंडाबाबूचं सगळं सांगितलं, तर तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो कोंडाबाबू जन्मभर खोटं बोलला, आज खरं कशाला बोलेल? हाडं कुणाचीही असतील. डबा तुझ्या नान्नानं कुणाला दिला असेल. एर्रय्यानं त्याला डोळ्यांनी बघितलंय." आणि मग तिनं मला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तू बोटीवर लागलास त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून ती दरवर्षी तुझ्या हाती नान्नांसाठी आवकायाच्या, कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवत आली, माझ्यापासून लपवून, तेवीस वर्षं. आणि तू दरवर्षी रिकामी बरणी धुऊन आणून देत होतास, निरोपासकट. मीठ बरोबर होतं म्हणाला. एका वर्षी तू सांगितलंस, तिखट जास्त झालं म्हणाला, आता पोटाला सोसत नाही. तेव्हापासून तिनं तिखट कमी केलं. आमच्या घरातलं लोणचं असं मिळमिळीत का, म्हणून मी किती वर्षं तिच्याशी भांडत आले आहे. या वर्षीची बरणी तिनं काल भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि म्हणाली, एर्रय्या आता बोटीवर नाही, पण कुणाच्या तरी हाती पोचवेल. पायातली जोडवी ती काढायला तयार नाही. पोलिसांचं ऐकत नाही, पैडिराजूचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तिला फक्त तुझा शब्द खरा वाटतो, आणि तो मागे घेणं तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. मी ओरडणार नाही, वस्तीतलं कुणी तुला बोट लावणार नाही, ते माझ्याकडे लागलं. पोलिसांकडे तुझ्याबरोबर मी येईन. पण आधी घरी ये. तिच्यासमोर बस आणि सांग, की तू त्याला एकदाही भेटला नाहीस. गुरम्मा सोमवारी परत निघेल. तिच्याबरोबर ये, बाबाय.

तुझीच,
नूकालू